खिळ्यांची फळी

उंब्रजच्या आमच्या शाळेशेजारचा सायकलवाला फळीवर खिळे ठोकून छर्रे सोडायचा खेळ बनवी आणि जत्रेत विकी. आधी मला खेळायला बसवी. कानावर बिडी खोचून बघत राही. फळीकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे. मी नवी मास्तरीण, स्वतःला फार हुशार समजे. जत्रेच्या आदल्या दिवशी माझे पाचही छर्रे शंभराच्या घरात गेले.

"झकास जमलाय हो खेळ!"

"न्हाई बाई, लय सोपा झालाय. कोण घेणार?" त्याने एक खिळा उपटून जरा अलीकडे ठोकला.

मग मी हरले. पुन्हा हरले.

"आवं बाई, शाळेची घंटा झाली."

"होऊ दे! एकच डाव!"

माझ्या हातातली फळी काढून त्याने पिशवीत घातली. "आता जमला."