हिराला दिसलेला तुकडा

माझी बायको हिरा गेल्याचा फोन माझ्या मोबाईलवर आला नाही. खदानीत माझ्या मोबाईलला रेंज नसते. सूनबाईने मुनाफभाईंना लावला. ते वर रस्त्याकडेला गाडीतून काडतुसांची पेटी काढत होते, मी खाली मशीनच्या खड्ड्यात बश्या भरत होतो. ते उतरण उतरून आले, खड्ड्याच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "धर्मा, हात पूस. घरी जाऊ." असं कोणी बोललं की माणसाला कळतं. मी हात पुसले, मशीनचं बटण बंद केलं, कापड टाकलं आणि वर आलो. लोकांना वाटलं म्हातारा सुन्न झालाय. खरं सांगतो, मला पहिल्यांदा हलकं वाटलं. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिसला नेऊन तिच्या हातात त्या जाड सुया खुपसायच्या, ती ओठ दाबून छताकडे बघायची... ते संपलं. पण हलकं वाटायला आणखी एक कारण होतं, आणि ते मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे. सव्वा महिना झाला. आता सांगतो.

ज्यांना आमचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तो सांगतो. मशीन चहाच्या बशीएवढी भगव्या रंगाची मातकट चकती हवेत जोरात फेकते, आणि नेमबाज छर्‍याच्या बंदुकीने ती उडता उडता फोडतो. तिचं इंग्रजी नाव काय असेल ते असो, आम्ही बशीच म्हणतो. तुकडा पडलेला दिसला तर लागली, नुसती धूळ उडाली तर चुकली. बस, एवढाच नियम, आणि सगळी भांडणं त्याच्यावरच. आमच्या गावामागची दगडाची खदान बंद पडली तेव्हा भाऊसाहेबांनी तिथे क्लब काढला. भाऊसाहेब आमचे अध्यक्ष, परवान्याच्या बंदुकीचा जुना शौक. मी खदानीत सुरुंगाच्या कामाला होतो, मला त्यांनी मशीनवर बसवलं. हाताने ओढायची जुनी मशीन होती ती, स्प्रिंगने माझं एक बोट कायमचं वाकडं केलं. हिरा आणि गावातल्या चार बायका खेळ संपला की टोपल्या घेऊन रानात शिरायच्या आणि न फुटलेल्या बश्या वेचून आणायच्या. वेचून वेचून हिराची नजर अशी तयार झाली की बशी हवेत असतानाच ती मागून म्हणायची, "लागली," नाहीतर, "धूळ." पंचाच्या आधी. भाऊसाहेब एकदा हसून बोलले, "हिराबाय, तुलाच पंच करतो." ती म्हणाली, "नको, साहेब. मंग बश्या कोण येचील? तुमी?"

दुसरा क्लब श्रीवर्धनकडचा, मुनाफभाईंचा. मुनाफभाई वीस वर्षं आखातात राहून आलेले, सुपारीचा धंदा, बोलायला तिखट. त्यांच्याकडे बाहेरून मागवलेली नवी मशीन होती, पण जागा भाड्याची, कधी हातातून जाईल सांगता येत नव्हतं. आमच्याकडे खदान कायमची, मशीन म्हातारी. दोघांनी एकत्र यावं हे कोणालाही कळेल. तशी बोलणीही चालली होती. ठरलं असं की एक सामना एकत्र खेळायचा, तो त्यांच्या मशीनवर, आणि संध्याकाळी चहा पिता पिता दोन्ही क्लबांनी कागदावर सह्या करायच्या. मशीन आमच्या खदानीत कायमची यायची, माणसं दोन्हीकडची, नव्या पोरापोरींना शिकवायचा दिवस एकत्र. सामन्याच्या सकाळी ती मशीन बसवली. एकदा बश्यांनी भरली, मग त्यांचा एक माणूस खुर्चीत बसून नुसतं बटण दाबत होता. माझी मशीन बाजूला गोणपाटाखाली. मुनाफभाई मला म्हणाले, "धर्मा, आज तुला सुट्टी." सगळे हसले. मीही हसलो. पण मनात म्हटलं, बटण दाबायला माझ्यासारखा माणूस कशाला लागतो?

हातात काम नव्हतं म्हणून भाऊसाहेबांनी मला बाजूचा पंच केला. मुख्य पंचाच्या डोळ्यावर ऊन आलं आणि त्याला शंका वाटली, तर तो बाजूच्या पंचाकडे बघतो. चुकली असेल तर बाजूच्या पंचाने हात वर करायचा. शेवटी भाऊसाहेब आणि मुनाफभाई दोघेच उरले. मुनाफभाईंची शेवटची बशी. लागली तर बरोबरी, चुकली तर कप भाऊसाहेबांचा. बार झाला, धूळ उडाली, आणि त्या धुळीतून नखाएवढा एक तुकडा खाली सुटला. मी तो पाहिला. आज तुम्हाला बघतोय तितका स्वच्छ पाहिला. पंचाने डोळ्यावर हात धरून माझ्याकडे बघितलं... आणि मी हात वर केला.

मुनाफभाई एक शब्द बोलले नाहीत. त्यांची माणसं मात्र बोलली, आमची त्यांना उलटून बोलली, कोणी कोणाची जात काढली, कोणी गाव काढलं. सह्यांचा कागद चहाच्या टेबलावर तसाच राहिला. काळोख पडायच्या आत त्यांनी मशीन गाडीत चढवली. घरी आलो तर हिरा पडवीत मासे साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "तुकडा दिसला व्हता ना तुमाला?"

"कसला तुकडा?"

"मी मागं बसून बघितला. तुमी तर बाजूला व्हता."

"उन्हात काय दिसतंय गो?"

"पंच उन्हात व्हता. तुमी सावलीत व्हता."

त्यानंतर ती खदानीत आली नाही. बायकांनी विचारलं तर म्हणायची गुडघे दुखतात. सात वर्षं तिचे गुडघे दुखले, पण बाजारात मासे घेऊन पायी जायची. मला ती कधी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. इकडे आमची जुनी मशीन स्प्रिंग तुटून पडली, तिचा सुटा भाग कुठे मिळेना. वीस जण होते तिथे पाच उरले. तिकडे श्रीवर्धनची जागा गेली, तिथे हॉटेल आलं, आणि त्यांची मशीन सुपारीच्या गोदामात ताडपत्रीखाली पडली. शिकणारी मुलं क्रिकेटला गेली. मी खदानीत जाऊन गवत कापायचो, दुसरं करायला काहीच नव्हतं. एवढा सगळा उद्योग एका हाताने केला... या माझ्या.

मग हिराची दोन्ही मूत्रपिंडं गेली. अलिबागच्या फेर्‍या सुरू झाल्या. एके दिवशी सुया लावलेल्या असताना ती मला म्हणाली, "मी गेल्यावर सांगणार असाल तर मला त्याचा काय उपेग?" मी म्हटलं, "काय सांगणार?" तिने डोळे मिटले. म्हणाली, "मंग बसा."

त्यानंतर तिसर्‍या दिवशी मी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि श्रीवर्धनला गेलो. मुनाफभाई अंगणात वाळत घातलेली सुपारी फळीने उलथत होते. मला बघून म्हणाले, "कोण, धर्मा? मशीन बिघडली वाटतं."

"मशीन कधीच मेली. त्याच्यासाठी न्हाय आलो. तुमची शेवटची बशी लागली व्हती, मुनाफभाई. मी तुकडा बघितला आणि हात वर केला."

ते सुपारी उलथत राहिले. खाली बघतच म्हणाले, "मला माहीत होतं."

"मंग बोलला का न्हाय?"

"हरलेला माणूस बोलला तर त्याला काय म्हणतात? तूच म्हणाला असतास." मग फळी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "पण का, धर्मा? तुझं माझं काय वैर होतं?"

मी सांगितलं. तुमची मशीन आली असती तर मला कोणी ठेवलं नसतं. ते हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, आतून त्यांच्या घरच्यांनी पाणी आणून दिलं. "या खुदा! अरे येड्या, त्या मशीनला तुझ्या मशीनपेक्षा जास्त सेवा लागते. खारी हवा लागली की तिचा पत्रा गंजतो. रोज पुसायची, तेल द्यायचं, तासातासाला बश्या भरायच्या. ज्या संध्याकाळी तू हात वर केलास ना, त्या संध्याकाळच्या कागदात मशीनवर कोण बसणार तेही लिहिलं होतं. तुझंच नाव होतं." मला बसायला खुर्ची दिली होती, मी जमिनीवर बसलो. मला वाचता येतं, चौथी शिकलोय. पण तो कागद मी वाचलाच नव्हता.

"आता हे भाऊसाहेबांसमोर बोल," ते म्हणाले. ते जास्त जड होतं, कारण कप भाऊसाहेबांच्या कपाटात होता. पुढच्या रविवारी खदानीत दोघांना समोरासमोर उभं करून बोललो. भाऊसाहेब लाल झाले. एवढंच म्हणाले, "धर्मा, तुला मी पंच केला होता." शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. मग मुनाफभाईंकडे वळून, "उद्या कप पाठवतो."

"कप राहू दे तुझ्याकडे, सात वर्षं पुसलायस. मला जागा दे."

"आणि मशीन?"

"ती कालच गाडीत चढवलीय. नाहीतर मी इथे काय तुझं तोंड बघायला आलो?"

पण जुनी भीती राहिलीच होती. आमचा पंच त्यांच्या माणसाला पाडणार, त्यांचा आमच्या माणसाला. त्यावर दोन्हीकडची माणसं आमच्या पडवीत येऊन वाद घालत होती, कारण हिराला उठवत नव्हतं आणि मी तिला सोडून कुठे जात नव्हतो. ती आतून खाटेवरून म्हणाली, "ज्याचा माणूस, त्याच्याच पंचानं हात वर करायचा. दुसर्‍याच्या माणसासाठी हात उचलायचाच न्हाय."

भाऊसाहेब म्हणाले, "हिराबाय, मग प्रत्येक जण आपल्या माणसाची चूक लपवेल."

"लपवंल की. एकदा लपवंल. मंग समोरचा बी लपवंल. दोघांच्या बी सगळ्याच बश्या लागल्या तर खेळ कशाला खेळायचा, घरी बसून लिवा." मुनाफभाई म्हणाले, "हे लिहून घ्या." लिहून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे तीच पद्धत आहे. पहिल्या दिवशी भाऊसाहेबांच्या बशीवर आमच्याच पंचाने हात वर केला, आणि भाऊसाहेब त्याच्याकडे असे बघत राहिले की सगळे पोट धरून हसले, शेवटी तेही हसले. आता उरणकडचा एक छोटा क्लबही विचारून गेला, आम्हालाही घ्या, हीच पद्धत लावा. महिन्यातून एक दिवस नव्यांना शिकवतात. थळच्या कोळी घरातल्या दोन मुली येतात, मुनाफभाईंची नात येते. पहिल्या एकत्र दिवशी हिराला गाडीने नेलं. प्लास्टिकच्या खुर्चीत शाल घेऊन बसली. त्या नातीची पहिली बशी फुटली तेव्हा हिरा पंचाच्या आधी म्हणाली, "लागली." आवाज बारीक होता, पण मी खड्ड्यात ऐकला.

ती गेली त्या सकाळी मला घरी थांबायचं होतं. "माझ्याकडं बघून काय मशीन भरणार हाय?" म्हणून तिने हाकललं. म्हणून मी तिच्या उशाशी नव्हतो. त्याचं वाईट वाटतं, पण टोचत नाही. जे टोचत होतं ते ती असतानाच काढून टाकलं. उशिरा काढलं, पण ती असताना काढलं.

श्रीवर्धनहून आलो त्या दिवसापासून तिने एक खोड लावून घेतली होती. रोज संध्याकाळी चहा घेताना विचारायची, "आज काय लपवलं, सांगा." मी म्हणायचो, "काय न्हाय." ती बघत राहायची. मग मी सांगायचो... शेजार्‍याला कुदळ हरवली म्हणालो, द्यायची नव्हती. ती म्हणायची, "द्या जाऊन." बस, चहा संपायचा.

परवा सूनबाईने विचारलं, "बाबा, रक्तदाबाची गोळी घेतली का?" म्हटलं, घेतली. संध्याकाळी पडवीत कप घेऊन बसलो. विचारणारं कोणी नव्हतं. कपावर साय धरली. मग तोंडातून आलंच, "गोळी न्हाय घेतली गो."

आतून सूनबाई म्हणाली, "काय म्हणालात, बाबा?"

मी कप खाली ठेवला. मग मोठ्याने म्हटलं, "गोळी घेतली न्हाय. खोटं बोललो." ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.