पेवाची नोंद

कुणी नवा शब्द सांगितला की म्हात्रे गुरुजी आधी विचारायचे, “तुम्ही बघितलंय?” पुस्तकात वाचलंय म्हटलं, की त्यांची पेन्सिल परत कानामागे जायची.

पेणच्या शाळेत आम्ही बारा वर्षं बरोबर शिकवलं. निवृत्तीनंतर ते साठवणीच्या जागांचे शब्द जमवून त्यांचं छोटं पुस्तक करत होते. तहखान्यातला फारसी ‘तह’ म्हणजे तळ आणि ‘खाना’ म्हणजे घर, भुयार आलं भूमिगृहावरून, आणि आपलं तळघर तर उघडच आहे. “मुलुख कुठलाबी असो, जमिनीखाली गेला तरी माणूस घरच म्हणतो,” असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

अडलं ते पेवापाशी. धान्य ठेवायचं जमिनीतलं खोल कोठार, एवढं कोशात होतं. शब्द कुठून आला याचं पटेल असं उत्तर सापडेना आणि पेव वापरलेला माणूसही भेटेना. आमच्या खारपट्टीत दोन हात खणलं की पाणी लागतं, तिथे पेव कुठलं? एका शब्दासाठी छपाई थांबली होती आणि गुरुजींकडे फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. कोशातला अर्थ घालून मोकळे व्हा, असं मी विनवलं. “तो कोशात हायच की. मग माझ्या पुस्तकाचा उपयोग काय?” ते म्हणाले.

शेवटी रोह्यात शेवंताआक्का सापडल्या. माहेर सांगलीकडचं, मुलाला इथल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आलेल्या. गुरुजी हट्टाने माझ्याबरोबर एसटीने आले. त्यांची वही पाहून आक्का हसल्या.

“कागदावर उतरायला काय लागतंय, गुरुजी? पेवाचं तोंड उघडून ठेवायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग दोरीनं कंदील सोडायचा. इझला तर कुणी उतरायचं न्हाई. माझा चुलता घाईनं उतरला, त्यो वर आलाच न्हाई.”

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी चुलत्याचं नाव विचारलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा गुरुजी नव्हते. मी रोह्याला जाऊन आक्कांना ती नोंद वाचून दाखवली. पेव: जमिनीतले धान्याचे कोठार. उतरण्याआधी कंदील सोडावा. तो विझल्यास उतरू नये. ग्यानबा याच्या पुतणीने सांगितले. शब्दाचे मूळ मला ठाऊक नाही.

आक्कांनी चुलत्याचं नाव कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, “ह्यात बळद न्हाई आलं. आमच्या भिंतीत हुतं, दाणं साठवायचं. उद्या या, आज सांगून व्हायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गेलो.