घोंगडीला विटाळ नसतो

पिंजारीण चाची कुणाच्याही ओसरीवर आली की आधी माणसाकडं बघायचीच नाही, गादीकडं बघायची. गादीला तळहाताची एक सणसणीत थापट हाणायची आणि उन्हाच्या तिरिपेत उडालेली धूळ डोळे बारीक करून न्याहाळायची. मग चोर सापडल्यासारखं तोंड करून म्हणायची, "ह्यात कायतरी हाय." नव्या कोऱ्या गादीतसुद्धा तिला कायतरी दिसायचंच. आमच्या गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणत, आणि तेही तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता.

तिचा नवरा कापूस पिंजता पिंजता खोकून खोकून गेला. त्याची पिंजायची कमान तिनं खांद्याला लावली आणि घरोघर फिरायला लागली. "कापूस पांढरा असतोय म्हणून साफ असतोय, असं न्हाय पोरी," ती मला म्हणाली होती. "माझा माणूस पांढऱ्यानंच नेला." तेव्हापासून उशी, लोड, रजई, कशावरही तिचा विश्वास म्हणून नव्हता.

आणि आमच्या सासूबाईंचा तिच्यावर नव्हता. पिंजारी मूठमूठ कापूस मारतात, असं त्यांचं पक्कं मत. गादी उसवली की त्या समोर पाट टाकून बसत, ते कमानीचा आवाज थांबेपर्यंत. चाची हसून म्हणे, "बघा बाईसाब, बघा. मी बी तेच बघतोय की." एक कापसाकडं बघतेय, दुसरी तिच्या हाताकडं. दिवसभर हा खेळ चालायचा.

मी नेसरीची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मला पंधरावं लागलं होतं. आमचे हे शाळामास्तर. माझ्या लग्नाच्या गाद्या चाचीनंच भरल्या. संसार सुरू होतो न होतो तोच माझ्या डोळ्यांचं सुरू झालं. कावळा शिवला की परसातल्या खोपीत चार दिवस वेगळं बसायचं, अंगाखाली घरातली जुनी घोंगडी. दुसऱ्या दिवशीच डोळ्यांना अशी खाज सुटायची की बाई गं! चोळून चोळून डोळे तांबडे लाल, पाण्याची धार लागलेली, पापण्या सुजून टम्म. घरात आल्यावरही चार दिवस तेच.

सासूबाईंनी आधी एरंडेलाचं काजळ भरलं. त्यानं आणखीच आग झाली. मग त्यांना संशय आला. "पोरीच्या डोळ्यांत खोट होती, बापानं लपवून आमच्या गळ्यात मारली." मधे दोन महिने मी माहेरी जाऊन आले, तिथं डोळ्यांना काही म्हणजे काही झालं नाही. परत आले आणि पुन्हा सुरू. त्यावर म्हणाल्या, "बघा! माहेरी ठणठणीत, इथं आली की डोळे. नाटकं आहेत सगळी!" खोट आणि नाटक दोन्ही एकदम कसं असेल, हे त्यांना विचारणार कोण? त्यांनी ठरवून टाकलं, पुढच्या खेपेला असंच झालं तर माझ्या बापाला पत्र घालायचं, लेक घेऊन जा म्हणून. सासरहून परत आलेली माझी आत्या नेसरीला आमच्याच घरात चुलीपुढं म्हातारी होताना मी पाहिली होती.

पुढची खेप आली तेव्हा चाची आमच्या परसातच रजया पिंजत होती. त्या चार दिवसांत मला कुणी शिवायचं नाही, आणि चाची मुसलमान, तिला तर बाराही महिने कुणी शिवायचं नाही. त्यामुळं परसात आम्हा दोघींना कुणाची आडकाठी नव्हती. मला डोळे चोळताना बघून ती उठली आणि माझं मनगटच धरलं. "चोळू नगंस! आगीला वारा घातल्यागत हुतंय." गार पाण्यात फडकं भिजवून तिनं माझ्या डोळ्यांवर ठेवलं, काजळ पुसून काढलं. चार दिवसांत मला लागलेला तो एकच हात. मला रडूच फुटलं.

"डोळ्यात काय घालायचं न्हाय," ती म्हणाली. "डोळ्याफुडनं काय काढायचं, ते बघायचं." मग उलटतपासणी. कधी सुरू होतं? कुठं बसतीस? माहेरात कशावर बसतीस?

"चटईवर."

"आन् तितं डोळं?"

"काही होत नाही."

तिनं घोंगडीला थापट हाणली. "ही कवा धुतलीया?"

मला हसू आलं. "चाची, घोंगडीला विटाळ नसतो. ती धुवायची नसते."

"विटाळ नसंल. धूळ बी नसती व्हय?"

ती तडक सासूबाईंपुढं गेली. "बाईसाब, माहेरात बरी हुती म्हंजे खोट पोरीत न्हाय, ह्या घोंगडीत हाय." तिनं घोंगडी दोरीवर टाकून काठीनं झोडायला घेतली. ही बया घोंगडी बदलेल या धास्तीनं सासूबाईंनी अगदी जवळ पाट टाकला. वीस वर्षांची धूळ ती! घटकाभरात सासूबाई शिंकायला लागल्या, डोळे चोळायला लागल्या, नाकाडोळ्यांतून धारा. मला वाटलं, सुटले बाई, आता पटलं.

कसलं पटतंय! त्या उठून ओरडल्या, "खाजकुयली! हिनं घोंगडीत खाजकुयली टाकलीय! लग्नाच्या गाद्या भरायला आली तेव्हापासूनच हे सुरू झालं. घोंगडी लाटायचा डाव सगळा!" शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. चाचीनं बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि मिटलं.

"मग हिचं डोळं चांगलं हायत म्हणा की," ती एवढंच म्हणाली.

"चांगलेच होते हिचे डोळे! सगळी तुझी करणी!"

"साऱ्या गल्लीनं ऐकलं. मग झालं," असं म्हणून तिनं कमान खांद्याला लावली आणि गेली.

घोंगडी त्याच दिवशी उकिरड्यावर गेली. खोपीत चटई आली, आणि माझे डोळे पुन्हा कधी आले नाहीत. पत्राचं नाव कुणी काढलं नाही. चाचीला मात्र आमची गल्ली बंद झाली. त्या काळी महाराज गावात साऱ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं काढत होते, आमचे हे त्याचं तोंडभर कौतुक करत. चाचीचा विषय निघाला की मात्र वर्तमानपत्रात डोकं घालत. आणि मी? मीही गप्पच बसले.

तीन वर्षांनी बाजारात ती दिसली. माझ्या कडेवर थोरला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "चाची, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"खुळी का काय? बोलली असतीस तर तू बी गेली असतीस. माझी एक गल्ली गेली, बाकीचं गाव हाय की. तुला एकच घर हुतं."

कोपऱ्यावर आमच्या शेजारीणबाई भाजी घेत उभ्या होत्या. त्या बघतील म्हणून मी पदर सावरला आणि पुढं झाले. त्या घरात मी जन्मभर नांदले. सासूबाईंचं शेवटचं सगळं मीच केलं. चाची कुठं राहते, हे मात्र मी तेव्हाही विचारलं नाही.