थांबलेले ठिपके

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत चेतापेशींवर काम करते. आईनं मात्र आमच्या वेल्ह्याकडच्या वाडीत सांगून ठेवलेलं, "लेक रगत तपासती." त्यामुळं मी एसटीतून उतरले रे उतरले की कुणीतरी साखरेचा रिपोर्ट घेऊन हजर! माझ्या शिक्षणापायी तिनं टोमणे खाल्ले, सगळ्यात जास्त भोरला दिलेल्या आत्याचे. मग लेक नेमकं करते काय, हे तिला तरी ठाऊक नको? मला ते फार सलायचं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भाताची झोडणी होती. आमच्याकडं अजून इर्जिक चालते. एकाचं काम निघालं की सगळी वाडी राबायला येते. मजुरी नाही, पोटभर जेवण घालायचं. आत्याही आली होती. जेवणं उरकून बायका खळ्याकडेला टेकल्या, तेव्हा मी आईपुढं मोबाईल धरला. उंदराच्या चेतापेशीचा व्हिडिओ, मी स्वतः काढलेला. लांबच लांब धाग्यावरून उजळ ठिपके सरकत होते.

"ही उंदराच्या मेंदूतली पेशी, आणि हे ठिपके म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. पेशीला लागणारी ताकद हे तयार करतात. पेशीचा धागा लई लांब, म्हणून त्यांना पार टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं."

आई डोळे बारीक करून बघत होती. आत्यानं मान खुपसली. "आन् ह्ये मदीच बसल्यात ते? कामचुकार मेले!" सगळ्या खिदळल्या. इर्जिकीत जो नुसता उभा राहिला तो अंगचोर, हा आमच्याकडचा कायदाच.

माझं डोकंच फिरलं. त्या थांबलेल्या ठिपक्यांपायी मी उमेदीची वर्षं घातली होती! "आत्या, ते बसलेले नाहीत. एक पेशी दुसरीला निरोप देते, त्या जोडापाशी ते थांबलेत. निरोपाला ताकद लागते, ती तिथल्या तिथं पुरवतात. त्यातला खराब झाला की काढून दुसरा आणायचा, नाहीतर जोड दुबळा पडतो."

"म्हंजी वैनी, तुजी पोरगी दिसभर ठिपकंच बघत बसती म्हन की!"

आईनं नणंदेला आजवर कधी उलट शब्द दिला नव्हता. ती पदर खोचून उभी राहिली.

"व्हय वन्सं, बघती. तुमी कवा बघितलंय का? मेंदूतलं जोड कशानं जितं ऱ्हात्यात, ते माजी लेक हुडकती."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "परत दाव गं. सावकाश सांग. मला समद्यास्नी सांगायचंय."

मी अभिमानानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि मोबाईल सगळ्यांना दिसेल असा धरला.