डाव्या कानातला धक्का

पप्पांनी एकतीस वर्षं कामतघरला कापडाचे लूम चालवले. काम सोडलं तोवर त्या खडखडाटात त्यांचं निम्मं ऐकू येणं गेलं होतं. कानातलं मशीन बोलण्यापुरतं चालायचं. गाणं मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं येतं म्हणायचे. आणि त्यांना गाणंच ऐकायचं होतं. तरुणपणी त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला म्हटलेल्या भीमगीतांच्या सहा कॅसेट घरात होत्या. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि हेडफोनला ताकद मिळावी म्हणून एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. आता काल्हेरच्या गोदामात डिस्पॅचला बसते. सोल्डरिंग आयर्न हातात धरून बरीच वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी पप्पांनी हेडफोन काढून पलंगावर टाकला.

"धक्का मारतोय गं डाव्या कानात!"

मी लावून बघितलं. पिन जाताच धप्प आवाज, मग डावीकडचं गाणं दबलेलं, फाटकं. मीटर लावला. गाणं बंद असताना दोन्ही कानांना काहीच जायला नको. उजवीकडे पाच मिलिव्होल्ट, डावीकडे चारशे! म्हणजे एकाच दिशेने सतत वाहणारी वीज, डीसी, हेडफोनचा पडदा एका बाजूला ढकलून धरत होती.

माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची मुख्य चिप, आयसी, बदलला. आकडा तोच.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "न्हाय ऐकलं तर काय अडलंय?"

"मला अडलंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्या आल्या कॉम्प्युटरची वायर काढली आणि अ‍ॅम्प्लिफायर एकटाच मोजला. दोन्हीकडे पाच. मग कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाचं तोंड मोजलं: उजवीकडे शून्यासारखं, डावीकडे पासष्ट. माझा अ‍ॅम्प्लिफायर येईल ते सहापट करतो. इमानदारीत तो डीसीही सहापट करत होता. खात्रीसाठी डावी-उजवी वायर अदलाबदल केली. धक्का उजव्या कानात गेला. चोर सापडला.

उपाय सोपा होता. वाटेत कपॅसिटर बसवायचा. तो गाणं सोडतो, डीसी अडवतो. लूमच्या मोटारी आणि बोर्डं दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात गेले.

"मोटर का कपॅसिटर चाहिए?"

"नाही चाचा, गाने के लिए. छोटा, प्लास्टिकवाला."

त्यांनी जुन्या बोर्डांचा डबाच पुढे सरकवला. "ढूंढ लो, बेटी." मला हवे तेच, एकशेपाच लिहिलेले दोन सापडले. मी तिथेच मीटरवर तपासून घेतले.

घरी येऊन बसवले आणि डीसी कमी व्हायच्या ऐवजी चढतच गेला! पप्पा बघत होते, म्हणून तोंडातून शिवी काढली नाही. बोर्ड उलटा केला. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, जाणारा एक रेझिस्टर असतो. कपॅसिटर त्याच्या अलीकडे, कॉम्प्युटरच्या बाजूला हवा होता. मी पलीकडे लावला होता. आयसीच्या तोंडाशी साचलेल्या विजेला वाटच उरली नव्हती. दोन्ही उपटले, अलीकडे लावले. मीटरवर चार आणि पाच.

तरी हेडफोन लगेच दिला नाही. पप्पांना जे थोडं ऐकू येतं, त्यावर मला प्रयोग करायचा नव्हता. कॉम्प्युटर पाच वेळा बंद-चालू केला, पिन काढून घातली, दर वेळी मीटर बघितला, मग स्वतःच्या कानाला लावला. साफ.

शुक्रवारी सुट्टीमुळे आजूबाजूचे लूम बंद, गल्ली शांत. सकाळी चहा झाल्यावर पप्पांनी हेडफोन चढवला. मी आवाज हळूहळू वाढवत नेला. त्यांनी हात वर करून थांबवलं, आणि मांडीवर ठेका धरला. पहिलं गाणं संपेपर्यंत ते माझ्याकडे बघेनात.

मग एकदम ओरडले, आपण मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, "तिसऱ्या कडव्यात माझा सूर पडलाय! इतकी वर्षं कोणी सांगितलं न्हाय मला!"

"बंद करू का?"

"बंद कशाला? मागं घे. कुठं पडला ते बघू."