गच्चीवरचा डबा

आता काय काय म्हणून सांगू! हसा खुशाल, पण ऐका.

नव्वदचं दशक सरत आलेलं. आम्ही भाईंदर पूर्वेला, चौथा मजला. हे सकाळी कामाला गेले की दिवसभर घरात मी आणि माझे देव. मुलगा मिलिंद पुण्यात. तो पाच दिवसांसाठी आला, तोही कामासाठीच. गाडी कुठे आहे ते आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं म्हणे. पण तो हिशोब थोडा चुकतो, मग गाडी भलतीकडेच दिसते. ती चूक सुधारायला त्याने आमच्या गच्चीवर एक डबा ठेवला आणि खाली जीपमध्ये संगणक. शनिवारी साहेब बघायला येणार. नाही जमलं तर काम दुसऱ्याकडे जाणार.

मला काय, दुपारी जेवायला माणूस! रोज दोन-दोन भाज्या करत होते.

बुधवारी रथसप्तमी आली. सूर्यासमोर दूध उतू जाऊ द्यायचं, तर समोरच्या नव्या इमारतीमुळे ऊन गच्चीच्या एकाच कोपऱ्यात. तिथे नेमका तो डबा! गोवरीचा धूर लागेल बिचाऱ्याला, म्हणून वायरीसकट उचलून पार पलीकडे टाकीमागे ठेवला. वर हळदकुंकू वाहिलं.

झालं! जीप उभी गल्लीत आणि संगणकात दिसतेय शेजारच्या जशुबेनच्या घरात. जशुबेन म्हणाल्या, "किचन में आई है तो बोलो, चाय पीके जाए."

मिलिंद दोन दिवस धड जेवला नाही. मी महादेवाला साकडं घातलं, ज्याच्यामुळे हे झालं त्याला सद्बुद्धी दे.

देव किती तत्पर! शुक्रवारी पान वाढताना सहज विचारलं, वरच्या डब्याचं काम काय रे?

"तो जागचा हलत नाही, म्हणून त्याला चूक कळते आणि तो ती गाडीला कळवतो. त्याची काळजी नाही, मोजून ठेवलाय."

माझ्या हातातला भाताचा डाव हवेतच. खरं सांगितलं की याचं काम संपणार, आणि काम संपलं की हा निघणार. ताक वाढलं. परत भात वाढला. मग म्हटलं, "बाळा, तो टाकीमागे आहे."

तो भरल्या हाताने वर धावला. वरून आवाज आला, "आई, याला कुंकू कुणी लावलं?"

शनिवारी संगणकातली जीपही बरोब्बर रस्त्यावरून चालली. साहेबांनी विचारलं, दोन दिवस काय बिघडलं होतं?

"स्थानिक अडथळा होता, सर."

"परत येणार नाही ना?"

"नाही सर. उद्या आम्ही सगळं उचलून पुण्याला निघतोय."

स्थानिक अडथळा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा होता.