रोलरखालचं लिंबू

आज दसरा. रोलरच्या लोखंडी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि रोलर हळूच पुढे घेतला. रस्त्यावर नुसता ओला डाग उरला. बाकीचे ड्रायव्हर लिंबू ठेवताना देवाचं नाव घेतात. मी चुलत्याचं घेतो.

सातवीत शाळा सुटली, त्या वर्षीची गोष्ट. ताईच्या लग्नाला निघालेल्या जीपमधून काकांनी मला सगळ्यांदेखत उतरवलं. "शिकणाऱ्यांना बसू दे. तू ये की चालत, तुला कुठं शाळेला उशीर होतोय?" जीपभर हशा पिकला. वाटेत रस्त्याचं काम करणाऱ्या उस्मानचाचांनी मला रोलरवर चढवलं. "बस बेटा, पोचशील." पोचलो, तेव्हा नवरदेवाचा कान काकांच्या पोराने पिळून झाला होता. तो मान माझा होता, सख्ख्या भावाचा. चाचांनीच पुढे मला हे काम शिकवलं. इथे राजस्थानात खातो तो घास त्यांच्या पुण्याईचा.

रोलरवर बसलेल्या माणसाला कुठे पोचायची घाई नसते, म्हणून तो काही विसरत नाही. खडी दबते, राग दबत नाही.

पण लिंबू फुटलं की मलाच वाटतं, खरंच लागलं तर? संध्याकाळी न राहवून आईला फोन केला. "काका बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय? आत्ताच श्रीखंडाच्या दोन वाट्या संपवल्या."

जीव भांड्यात पडला. फोन ठेवला आणि ठरवलं, पुढच्या दसऱ्याला दोन लिंबं ठेवायची.